फादर बेसिलच्या खुर्च्या

मागा म्हणजे तुम्हाला मिळेल, असं शुभवर्तमानात आहे. जपून मागा, ही पुढची ओळ लिहायची राहून गेली असावी. फादर बेसिलनं हातांना काम मागितलं होतं. ते त्याला मिळालं: कातकामाचे तीन लेथ, एक गोल करवत, लाकूड सुकवायची भट्टी आणि हाताखाली मठातले सात-आठ ब्रदर. सकाळच्या मिस्सानंतर करवत सुरू झाली की दुपारच्या घंटेपर्यंत ती अशी किंचाळे, की केंटकीच्या त्या टेकड्यांमधली घुबडंसुद्धा बिऱ्हाड हलवून पलीकडच्या खोऱ्यात गेली. मौन पाळणाऱ्या मठात एवढा आवाज दुसरं कुणीच करत नव्हतं. पण मौन मोडल्याचं पाप करवतीला लागत नाही.

सगळं सुरू झालं एका दाढेपासून. तीनेक वर्षांपूर्वी बेसिलची दाढ इतकी ठणकायला लागली, की स्तोत्रं म्हणताना त्याचे डोळे भरून येत आणि शेजारच्यांना वाटे, काय ही भक्ती. मठाधिपतींनी परवानगी दिली. ब्रदर क्लीटसनं ट्रक काढला, गावात जाऊन दाढ उपटून आणली. परत येताना चढावर ट्रकनं वाफ सोडली आणि इंजिन थंड होईपर्यंत दोघांना थांबावं लागलं, ते नेमकं शेकरांच्या ओसाड वस्तीपाशी.

शेकर हा एक ख्रिस्ती पंथ, मठवाल्यांसारखेच ब्रह्मचारी. फक्त त्यांच्यात बायका आणि पुरुष एकाच घरात राहत, दोन वेगळ्या दारांनी ये-जा करत, दोन वेगळ्या जिन्यांनी चढत-उतरत, आणि प्रार्थनेला उभे राहिले की थरथरत, नाचत. बाकीचा वेळ शेती आणि सुतारकाम. या भागातले शेवटचे शेकर कधीच माती झाले होते. वर पूर्वेकडे चार-दोन म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. वस्तीतल्या मोठ्या घरात कुणा शेतकऱ्यानं गवताच्या पेंढ्या रचल्या होत्या. तोंडात कापसाचा बोळा धरून बेसिल आत शिरला आणि जिना बघून जागीच थांबला. कसलाही डौल न मिरवता तो जिना वळत वळत वर गेला होता. ज्यानं तो केला त्याला कुणी बघावं अशी इच्छाच नव्हती, हे त्यातल्या फळी फळीवरून कळत होतं. बेसिल तिथं उभा राहून रडला. क्लीटसला वाटलं, दाढ दुखतेय.

त्या आठवड्यात त्यानं परवानगी काढून मॅसॅच्युसेट्सला प्रोफेसर एलिहू ट्रास्क यांना पत्र लिहिलं. ट्रास्क यांनी तरुणपणापासून शेकरांच्या दारात जाऊन बसण्यात हयात घालवली होती. त्यांच्याइतकं त्या लोकांबद्दल जाणणारा दुसरा माणूस नव्हता. बेसिलनं एकच प्रश्न विचारला होता. शेकरांच्या खुर्चीच्या मागच्या दोन पायांच्या तळाशी एकेक लाकडी गोळी बसवलेली असते, खुर्ची मागं रेलली तरी जमिनीला चरा पडू नये म्हणून. पण शेकरांमध्ये रेलून बसायला तर बंदी होती. मग गोळी कशाला?

ट्रास्क यांचं उत्तर आलं. "बंदी त्यांनी माणसाला घातली, फादर. खुर्ची मात्र माणूस ओळखून केली."

ते वाक्य बेसिलनं महिनाभर चघळलं. मग त्यानं दुसरं पत्र लिहिलं, तिकडून तिसरं आलं, आणि बघता बघता दोघांची अशी गट्टी जमली की टपालाच्या दिवशी बेसिलचं जेवणाकडे लक्ष लागेना. ट्रास्क खुर्च्यांची मापं काढून पाठवत, सोबत रेखाटनं. म्हाताऱ्या शेकर भगिनी काय बोलतात, कशावर हसतात, तेही लिहीत. बेसिल मठाबद्दल लिही, कामाबद्दल, आणि प्रार्थना कोरडी पडते त्या दिवसांबद्दलही.

एक गोष्ट मात्र होती. मठात आलेलं प्रत्येक पत्र मठाधिपती फोडत आणि बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या टेबलावर उघडंच ठेवावं लागे. म्हणजे हा पत्रव्यवहार दोघांचा नव्हता, तिघांचा होता. तिसरा कधी लिहीत नसे, एवढंच.

हे तिसरे म्हणजे मठाधिपती डॉम लँबर्ट. पूर्वाश्रमी सिनसिनाटीच्या एका धान्यव्यापाऱ्याचे चिरंजीव. उंच, टक्कल पडलेले, मनानं मोकळे. मठातल्या सत्तर माणसांना पोसायचं आणि गळकं छप्पर सांभाळायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि ते त्यांनी बापाच्या वारशानं निभावलं होतं. डॉम लँबर्ट कुणालाही कधी 'नाही' म्हणत नसत. ते 'बघू' म्हणत.

बेसिलनं एका हिवाळ्यात मागच्या शेडमध्ये ट्रास्क यांच्या रेखाटनांवरून एक खुर्ची केली. पाय ओल्या मेपलचे आणि आडव्या दांड्या खडखडीत वाळलेल्या. शेकरांची हीच रीत होती. पाय सुकत जातो तसा तो आक्रसतो आणि दांडीला आवळून धरतो. सरस नको, खिळा नको. बैठक नवारीच्या पट्टीनं विणलेली. ती खुर्ची करताना बेसिल इतका सुखी होता की त्याची त्यालाच भीती वाटे. डॉम लँबर्ट एकदा शेडमध्ये आले, खुर्चीवर बसले, मागं रेलले आणि गोळीवर हलकेच झुलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेसिलला बोलावून घेतलं.

"बस, बेसिल. ही गोळीवाली खुर्ची रात्रभर माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याकडे लाकूड आहे, हात आहेत. आणि तू त्या प्रोफेसरला काय लिहिलंयस, थांब, मी उतरवून ठेवलंय: 'खुर्ची करणं म्हणजे हातांची प्रार्थना.' फार छान लिहितोस."

"रेव्हरंड फादर, ते मी एका खुर्चीबद्दल लिहिलं होतं."

"मग एक खुर्ची प्रार्थना असेल, तर पाचशे खुर्च्या म्हणजे काय?"

"फर्निचर," बेसिल म्हणाला.

डॉम लँबर्ट खो खो हसले. त्यांना ते उत्तर मनापासून आवडलं. आणि महिन्याभरात लेथ आले.

आता ओल्या लाकडाची वाट बघत बसायला कारखान्यात कुणाला वेळ असतो? पाय आणि दांड्या दोन्ही भट्टीत वाळू लागले, मधे सरसाचा लपका. दिसायला खुर्ची हुबेहूब शेकरांची. बेसिलनं जाऊन सांगितलं की हा सांधा टिकणार नाही. डॉम लँबर्ट म्हणाले, "सगळे भट्टीतच वाळवतात, बाळा." बेसिलनं सांगितलं की मला यातून मोकळं करा, कुणालाही नेमा, मी गोठ्यात जातो. डॉम लँबर्ट म्हणाले, "प्रार्थना कर. बघू."

शपथ घेताना बेसिलनं दोन गोष्टी कबूल केल्या होत्या: सांगितलेलं ऐकीन आणि याच भिंतींच्या आत मरेन. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि भिंती त्याला उबदार वाटल्या होत्या. आता पंचेचाळिशीत करवतीसमोर उभं राहून तो त्याच भिंतींकडे बघे आणि त्या त्याला रोज थोड्या जवळ सरकल्यासारख्या वाटत. कामापुरतं बोलायची मुभा कारखान्यात होती. तिचा सगळ्यात जास्त फायदा ब्रदर क्लीटस घेई.

"फादर, ही खुर्ची मी माझ्या मेव्हण्यालासुद्धा देणार नाही," तो एक दांडी हलवून बघत म्हणाला.

"मेव्हण्यावर फार जीव दिसतो."

"तोंड बघवत नाही मला त्याचं. तरी देणार नाही."

हाच क्लीटस दोषकथनाच्या बैठकीत उठून उभा राहिला. त्या बैठकीत ज्यानं त्यानं दुसऱ्याचा नियमभंग सगळ्यांसमोर सांगायचा असतो. क्लीटस गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "फादर बेसिल लेथ बंद करताना असा उसासा टाकतात, की माझ्या हातातली पटाशी घसरते." चाळीसेक माणसं हसू दाबत बसली. बेसिलला प्रायश्चित्त म्हणून जमिनीवर लोटांगण घालावं लागलं. खरं तर त्याला तिथंच पडून राहावंसं वाटत होतं.

यातलं काहीही तो ट्रास्क यांना लिहू शकत नव्हता. लिहिलं की टेबलावर जाणार, टेबलावर गेलं की वाचलं जाणार. म्हणून त्यानं पानगळीबद्दल लिहिलं, अक्रोडाच्या झाडांबद्दल लिहिलं. शेकर भगिनींची विचारपूस केली. ट्रास्क यांनी पुढच्या पत्रात विचारलं, "तुम्ही बरे आहात ना? तुमची पत्रं हल्ली फार शहाण्यासारखी असतात."

मग मालाचा कॅटलॉग काढायचं ठरलं आणि डॉम लँबर्ट यांना एक कल्पना सुचली. प्रत्येक खुर्चीला दोऱ्यानं एक कार्ड बांधायचं. त्यावर लिहायचं: प्रोफेसर एलिहू ट्रास्क यांनी पसंत केलेली.

"त्याला तू विचार. तुझं तो ऐकेल."

"रेव्हरंड फादर, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी जंग जंग पछाडलं तरी त्यांनी कुणाला आपलं नाव दिलं नाही."

"म्हणून तर. पत्र उद्यापर्यंत आण. आज्ञा समज."

बेसिलनं पत्र लिहिलं. जे लिहायचं ते सगळं लिहिलं, नाव मागितलं, विनंती केली. आणि मधेच एक वाक्य टाकलं: 'शेकरांप्रमाणेच आम्हीही काम संपलं की खुर्च्या भिंतीवरच्या खुंट्यांना सरळ टांगतो.' शेकर खुर्च्या उलट्या टांगत. हे ट्रास्कनीच त्याला शिकवलं होतं. असली चूक बेसिल करूच शकत नाही, हे त्यांना माहीत होतं. ते वाक्य वाचताच म्हाताऱ्याच्या लक्षात येईल की हात बेसिलचा आहे पण पत्र बेसिलचं नाही. तो थांबेल, विचार करेल, नाव देणार नाही. टेबलावर पत्र ठेवून येताना कित्येक महिन्यांनी बेसिलला हलकं वाटलं.

सायंप्रार्थनेनंतर पत्र परत आलं. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात डॉम लँबर्ट यांचं ठसठशीत अक्षर: 'उलट्या, बेसिल! बैठकीवर धूळ बसू नये म्हणून. त्याच्याच दुसऱ्या उपवासकाळातल्या पत्रात आहे. दुरुस्त करून दे, नाहीतर तो तुला हसेल.'

बेसिल कितीतरी वेळ ती रेघ बघत राहिला. तीन वर्षं हा माणूस नुसती पत्रं तपासत नव्हता. तो ती अभ्यासत होता. आता या मठात शेकरांबद्दल जाणणारे दोन जण होते, आणि बेसिलला पळायला खुर्चीएवढीही जागा उरली नव्हती. त्यानं वाक्य दुरुस्त करून दिलं.

उत्तर त्याच्या हातात आलंच नाही. ते त्यानं ऐकलं.

मठात जेवताना बोलायचं नसतं. एक जण उंच चौथऱ्यावर उभा राहून काहीतरी वाचतो, बाकीचे खातात. त्या दुपारी संतचरित्र बाजूला ठेवून वाचणाऱ्यानं एक घडी केलेला कागद उघडला आणि स्तोत्र वाचावं तशा एकसुरी आवाजात वाचायला लागला: "प्रिय बेसिल." बेसिलचा चमचा बीन्सच्या सुपात तसाच राहिला.

"आयुष्यभर मी माझं नाव कुणाला दिलं नाही," वाचणारा वाचत होता. "माझी बायको म्हणते, तेवढी एकच गोष्ट मी कधी उधळली नाही. पण मागणारे तुम्ही आहात. तुम्ही केलेली खुर्ची मी पाहिलेली नाही आणि पाहायची गरजही नाही. तुमची पत्रं मी पाहिली आहेत. या वयात नवा मित्र मिळावा असं काही मी केलं नव्हतं. माझं नाव तुमचंच आहे. हवं तसं वापरा."

लांब टेबलांवरून माना वळल्या. कुणी हसून मान हलवली, कुणी दोन बोटांनी हवेत खुर्चीची खूण केली. टेबलाच्या टोकाशी डॉम लँबर्ट प्रसन्न चेहऱ्यानं पावावर लोणी लावत होते. मित्राचं पत्र भर पंगतीत वाढलं जातंय आणि आपल्याला उठताही येत नाही, या लाजेनं बेसिलचे कान तापले. त्याहून वाईट वाटलं ते म्हाताऱ्याचं. आयुष्यभर जपलेलं नाव त्यानं मैत्रीखातर काढून दिलं होतं, ते सरस लावलेल्या डुगडुगत्या खुर्च्यांवर लागणार होतं, आणि ते मागणारा हात बेसिलचा होता.

कारखान्यात गेल्यावर क्लीटसनं लेथ मुद्दाम चालू ठेवला आणि त्याच्या आवाजाआड जवळ आला.

"तुमचा चेहरा बघितला मी जेवताना. खरं काय ते लिहा त्या प्रोफेसरला. मी उद्या गावात चाललोय. टोपीत घालून नेईन, टाकीन पेटीत."

"आणि मग?"

"मग काय? मी पापनिवेदनात सांगेन. फादर युजीनला कमी ऐकू येतं."

बेसिलला हसू आलं. मोह तर इतका झाला की हात खिशाकडे गेला. पण चोरून लिहिलं तर या मठात त्याचं म्हणून जे एकच खरं उरलं होतं तेही चोरीचं झालं असतं. त्यानं मान हलवली.

"मग बसा उसासे टाकत," क्लीटस म्हणाला आणि पटाशी उचलून कामाला लागला.

त्या दुपारी बेसिल लिहायला बसला. पहिली ओळ लिहायला वेळ लागला. ती लिहिल्यावर पुढचं आपोआप आलं.

'प्रिय एलिहू, आणि रेव्हरंड फादर, तुम्हीही. कारण हे पत्र आधी तुम्हीच वाचणार आहात. आजवर तुम्ही मधे नाहीच असं समजून मी लिहीत आलो. ते ढोंग होतं. आज दोघांना एकदमच सांगतो.

'एलिहू, तुमचं नाव देऊ नका. या खुर्च्या खोट्या आहेत. पाय आणि दांड्या दोन्ही भट्टीत वाळवलेले. चार हिवाळे काढतील, मग हलायला लागतील, आणि त्यांच्याबरोबर तुमचं नावही हलेल. नाव मी मागितलं नव्हतं, मला मागायला लावलं. तरी अक्षर माझं होतं, म्हणून दोषही माझा आहे.

'रेव्हरंड फादर, मी गुदमरतोय. तोंडानं सांगितलं तेव्हा तुम्ही 'बघू' म्हणालात. लिहिलेलं तुम्ही जास्त लक्ष देऊन वाचता, म्हणून लिहितो. मी एका खुर्चीवर प्रेम केलं आणि तुम्ही मला तिच्यातच कोंडलंत. मला सोडवा. आणि हे पत्र जसंच्या तसं जाऊ द्या.'

पत्र त्यानं टेबलावर उघडंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं.

डॉम लँबर्ट खिडकीपाशी उभे होते. पत्र त्यांच्या हातात होतं. ते रागावलेले दिसत नव्हते. थकलेले दिसत होते.

"आजवरच्या तुझ्या पत्रांत हे सगळ्यात चांगलं आहे," ते म्हणाले.

"पाठवणार तुम्ही?"

"कुणाला?"

"प्रोफेसर ट्रास्कना."

"हे त्याला नाहीये, बेसिल. त्याचं नाव वर घातलंयस, इतकंच. हे मला आहे." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि झग्याच्या आतल्या खिशात ठेवली. "आणि मला मिळालं."

डॉम लँबर्ट खुर्चीत बसले. बेसिलच्या पहिल्या, खऱ्या खुर्चीत.

"मठाधिपतीला पत्रं कोण लिहितं, ठाऊक आहे? बिशप. विम्याची कंपनी. ज्याच्या मुलाला आपण मठात घेतलं नाही असा बाप. तुमची दोघांची पत्रं आली की मी ती दुपारच्या विश्रांतीला राखून ठेवायचो. माझ्या हसण्यानं बाहेरचा ब्रदर दचकायचा. तीन वर्षं मी विचार करत होतो, या दोघांच्या मधे आपणही एखादी ओळ लिहावी. धीर झाला नाही. आणि काल पहिल्यांदा त्यात माझं नाव आलं." ते थांबले. "बघ काय आलं."

बेसिलला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी भयंकर चीडही आली. दोन्ही एकदम येतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"ट्रास्कचं नाव कार्डावर जाणार नाही," डॉम लँबर्ट म्हणाले. "तेवढं तुझं खरं आहे. म्हाताऱ्याला तोंडघशी पाडायचं नाही."

बेसिलला वाटलं, झालं, सुटलो. "आणि मी?"

"कार्ड कोरं जाऊ शकत नाही, बेसिल. लोकांना कुणाचं तरी नाव लागतं. निनावी खुर्चीवर पैसे टाकून कोण बसेल?"

"शेकरांच्या खुर्च्या निनावीच असत."

"ठाऊक आहे. करणाऱ्यानं आपलं नाव वस्तूवर घालू नये, असा नियमच होता त्यांचा. गेल्या शरदातल्या पत्रात आहे. पण शेकर संपले, बाळा."

"मग कुणाचं नाव घालणार?" बेसिलनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं.

"फादर बेसिलच्या खुर्च्या," डॉम लँबर्ट म्हणाले. मग त्यांनी ते पुन्हा एकदा हळूच म्हणून बघितलं. "कानाला चांगलं वाटतं. आणि तुझं नाव आहे म्हटल्यावर तू त्या हलू देणार नाहीस. भट्टी नको तर विझव. ओलं लाकूड हवं तर ओलं घे. करवत विकून टाक. खुर्च्या कमी झाल्या तरी चालतील, त्यांची किंमत वाढवू. तुझ्या मनासारखं कर. पण करायचं तूच. शेवटपर्यंत."

या वेळी ते 'बघू' म्हणाले नाहीत. बेसिलकडे आता तक्रारीलासुद्धा जागा नव्हती. लाकूड त्याचं, रीत त्याची, नाव त्याचं. फक्त दार नव्हतं.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मला पुन्हा विचार करावा लागेल. ट्रास्कची कार्डं छापखान्यात जुळवून ठेवलीयत." डॉम लँबर्ट यांनी त्याच्याकडे जवळजवळ विनवणीच्या नजरेनं पाहिलं. "मला तसं करायला लावू नकोस."

खिडकीबाहेर कुणीतरी हातगाडीवर लाकूड घालून शेडकडे चाललं होतं.

"ठीक आहे, रेव्हरंड फादर," तो म्हणाला.

ट्रास्क यांना त्यानं दोनच ओळी लिहिल्या: तुमचं नाव वापरत नाही आहोत, कारण विचारू नका, तुमचे उपकार विसरणार नाही. डॉम लँबर्ट यांनी त्यात काहीही दुरुस्त केलं नाही. उत्तर एका परिच्छेदाचं आलं. ट्रास्क यांनी निर्णयाचा आदर केला होता, मठाला शुभेच्छा दिल्या होत्या आणि खाली पूर्ण नावानं सही केली होती. आयुष्यात एकदाच देऊ केलेली वस्तू कारण न सांगता परत आल्यावर माणूस आणखी काय लिहिणार? बेसिलनं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. म्हाताऱ्याचं नाव बचावलं होतं आणि म्हातारा दुरावला होता. त्यानंतर पत्रं नाताळला तेवढी येत.

भट्टी विझली. करवत विकली गेली. शेडमध्ये ओल्या मेपलचा गोडसर वास भरून राहिला, आणि नव्या खुर्च्यांचे सांधे असे पक्के बसले की क्लीटसनं आपल्या मेव्हण्याला एक द्यायची तयारी दाखवली. कार्डं आली. जाड, पिवळसर कागद, वर मठाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत नाव. क्लीटस ती एकेका खुर्चीच्या पाठीला दोऱ्यानं बांधत बसला.

"चला फादर, आज फिलाडेल्फिया," तो ट्रकमध्ये खुर्च्या चढवताना म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तुम्ही डेन्व्हरला आहात. तिथून म्हणे कॅलिफोर्निया. समुद्र बघून या माझ्या वाटचा."

बेसिल हसला. क्लीटसच्या बोलण्यावर हसू आलं नाही असं कधी झालं नव्हतं. तो फाटकाच्या आत, जिथपर्यंत परवानगीशिवाय यायची मुभा होती तिथं उभा होता. ट्रक निघाला. मागच्या फळीवरून खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांना बांधलेली कार्डं वाऱ्यावर फडफडत होती, फादर बेसिल, फादर बेसिल, फादर बेसिल. वळणावर ती दिसेनाशी झाली. फाटकावरच्या ब्रदरनं कडी आतून लावून घेतली, आणि बेसिल पुढच्या खुर्चीचे पाय घडवायला शेडकडे वळला.